ऋतुपाक : पानिस आणि पाटवडी

माघ अर्धा सरला की जालन्याच्या बाजाराचा रंग पालटतो. अंबड-घनसावंगीकडून मृगबहाराची मोसंबी येऊ लागते, कडवंचीच्या मळ्यांतील द्राक्षांच्या पेट्या दिसू लागतात आणि हातगाड्यांवर हरभऱ्याच्या डहाळ्यांच्या हिरव्या जुड्या रचलेल्या असतात. या सदरात आजवर आपण बहुधा घरच्याच परंपरेतील पदार्थांविषयी बोलत आलो. या वेळी मात्र थोडे दूर जाऊन परत घरी यायचे आहे. गेल्या वर्षी याच दिवसांत आम्ही उभयता फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस या शहरी दोन आठवडे राहून आलो. तिथे जे पाहिले, त्यातले आपल्या स्वयंपाकघरात काय आले आणि काय उंबरठ्याबाहेरच राहिले, हे वाचक भगिनींना सांगावे असे वर्षभर मनात होते. सांगण्यास विलंब झाला, त्याचे कारण लेखाच्या ओघात येईलच.

आमची धाकटी कन्या उच्च शिक्षणासाठी तिथे गेली. जाऊन जेमतेम महिना झाला असेल, एका रात्री तिचा दूरध्वनी आला. आवाज कापरा होता. वर्गातील एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिने केकचा एक तुकडा खाल्ला होता. त्यात अंडे आहे हे तिला दुसऱ्या दिवशी कळले. "आई, मी विचारायला हवं होतं. विचारलंच नाही," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी तिची समजूत घातली, अजाणता घडले आहे, मिच्छामि दुक्कडं म्हण आणि पुढे सावध राहा असे सांगितले. मात्र फोन ठेवून मागे वळले तेव्हा दारात माई, माझ्या सासूबाई, उभ्या होत्या. त्यांनी सर्व ऐकले होते. त्या काहीही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून नातीचा फोन आला की त्या खुशाली विचारीत आणि लगेच फोन माझ्या हाती देत. पूर्वीच्या लांबलचक गप्पा थांबल्या. आजी आपल्यावर रागावली आहे, अशी मुलीची खात्री झाली. खरे सांगायचे तर माझीही झाली.

आम्ही नीसला निघालो तेव्हा मनात प्रवासाच्या हौसेपेक्षा हीच काळजी अधिक होती. मुलगी तिथे काय खाते, कसे खाते, नियम पाळायचे तर उपाशी राहावे लागते का, हे स्वतः डोळ्यांनी पाहायचे होते. सामानात खाखरे, मेथीच्या दशम्या, भाजलेले डाळीचे पीठ आणि कोरडी चटणी होती. माईंनी स्वतः दळून आणलेले दगडी ज्वारीचे दोन किलो पीठ वेगळ्या डब्यात बांधून दिले. देताना "तिला भाकरी करून घाल" एवढेच म्हणाल्या.

परदेशी जाणाऱ्या आपल्या मंडळींना पहिली अडचण येते ती सूर्याची. चौविहार पाळणाऱ्यास फ्रान्समध्ये ऋतू पाहूनच दिनक्रम आखावा लागतो. फेब्रुवारीत नीस येथे सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि तेथील उपाहारगृहे रात्रीच्या जेवणासाठी साधारणतः सातनंतरच उघडतात. म्हणजे हिवाळ्यात बाहेर रात्रीचे जेवण आपल्यासाठी नाहीच. याउलट जूनमध्ये सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो, तेव्हा अडचण उरत नाही. आम्ही दुपारचे जेवण मुख्य मानले. तेथील लोकही दुपारी बारा ते दोन या वेळेत सावकाश, बसून जेवतात, हे आपल्या पथ्यावरच पडले.

दुसरी अडचण पदार्थांतील घटकांची. मध, लोणी, मद्य आणि मांस या चार महाविगयी आपल्याकडे वर्ज्य. फ्रान्सच्या उत्तर भागातील पाककला उभी आहे ती लोण्यावर. मद्य रश्शात पडते, मध मिठाईत. पहिल्या दोन दिवसांत मला वाटले, इथे आपल्यासाठी पाण्यावाचून काही नाही. परंतु दक्षिणेकडे, म्हणजे प्रोव्हान्स आणि नीसच्या परिसरात, स्वयंपाक लोण्यावर नव्हे तर तेलावर चालतो. ऑलिव्हचे तेल, भाज्या, कडधान्ये, लिंबू, रानातील सुगंधी पाने. हा प्रदेश श्रीमंत भोजनाइतकाच शेतकऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या साध्या जेवणाचाही आहे. त्या साध्या जेवणातच आपल्याला वाट सापडते.

जुन्या नीस शहरात कूर सालेया नावाचा लांबट चौक आहे. सोमवार वगळता रोज सकाळी तेथे भाजी, फळे आणि फुलांचा बाजार भरतो. सोमवारी जुन्या वस्तू विकायला बसतात. या बाजारात कन्येने आम्हास प्रथम 'सोक्का' दाखविला. तांब्याच्या भल्यामोठ्या वाटोळ्या परातीत पातळ पीठ ओतून ती लाकडाच्या भट्टीत सरकवतात. कडा करपू लागल्या की बाहेर काढून ओबडधोबड तुकडे करतात, वर मिरपूड भुरभुरतात. घटक किती? हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्हचे तेल, मीठ. बस्स. यजमान म्हणाले, "हे तर आपलं डाळीच्या पिठाचं धिरडं." आणि खरोखरच, डोळे मिटून खाल्ले असते तर जिरे व हिरवी मिरची तेवढी नाही असेच वाटले असते.

सोक्काचा सख्खा भाऊ इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर 'फारिनाता' या नावाने नांदतो. त्यात नवल नाही, कारण नीस १८६० साली फ्रान्सला जोडले गेले. त्याआधी ते सव्हॉय घराण्याच्या सार्डिनिया राज्याचा भाग होते. सीमा बदलल्या, झेंडे बदलले, परात तीच राहिली. हरभऱ्याची कथा तर त्याहून जुनी. हे पीक मूळचे आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागातले. तिथून ते पश्चिमेला भूमध्य सागराकडे आणि पूर्वेला आपल्याकडे आले. तिकडे मोठ्या पांढऱ्या दाण्याचा, आपण ज्याला काबुली म्हणतो तो, अधिक रुजला. इकडे लहान तांबूस देशी हरभरा रुजला. म्हणून तेथील पीठ फिकट आणि किंचित गोडसर, तर सोललेल्या डाळीचे आपले पीठ पिवळे आणि खमंग.

त्याच बाजारात 'पानिस' दिसली आणि मी थबकलेच. पीठ पाण्यात घट्ट शिजवून, थापून, गार करून, त्याच्या बोटाएवढ्या वड्या कापून तळतात. मराठवाड्यातील कोणती स्त्री याला पाटवडी म्हणणार नाही? मात्र ठेल्यावरची पानिस आम्ही खाल्ली नाही. विचारल्यावर कळले की त्याच कढईत अंडे घातलेल्या पिठातील भोपळ्याच्या फुलांची भजीही तळली जातात. त्या वेळी एक गोष्ट ध्यानात आली. तो प्रश्न मी विचारला नव्हता. माझ्याआधी कन्येने, तेथील भाषेत, हसतमुखाने आणि न संकोचता विचारला होता. विक्रेत्यानेही तितक्याच आदराने उत्तर दिले. आम्ही हरभऱ्याचे पीठ विकत घेऊन तिच्या खोलीवर गेलो आणि एका शेगडीवर पानिस केली. जोडीला माईंच्या पिठाची भाकरी होती. जेवताना ती म्हणाली, "आजीला सांगशील ना, मी आता विचारते म्हणून?"

विचारण्यासाठी कन्येने एक छोटी वही केली आहे. प्रवासास निघणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून त्यातील काही शब्द येथे देते. 'अफ' म्हणजे अंडे. 'म्येल' म्हणजे मध. 'झेलातीन' हे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेले गोठविण्याचे द्रव्य, जे दही, मिठाई आणि गोळ्यांतही आढळते. 'सँदू' म्हणजे डुकराची चरबी. 'ओन्यों' म्हणजे कांदा, 'आय' म्हणजे लसूण. 'प्रेझ्यूर' हा शब्द तर पक्का लक्षात ठेवावा. दूध विरजून चीज करण्यासाठी वासराच्या जठरातून काढलेले जे द्रव्य वापरतात, त्याचे हे नाव. तेथील कित्येक नामवंत चीजच्या नियमांतच ते वापरण्याची अट आहे. म्हणजे शाकाहारी दिसणारे चीज आपल्यासाठी शाकाहारी असेलच असे नाही. आपले पनीर लिंबाने फाडतात, हा फरक प्रवासात फार मोलाचा ठरतो.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. युरोपात पाकीटबंद खाद्यपदार्थांवर अंडे, मासे, दूध यांसारखे ॲलर्जी आणणारे घटक ठळक अक्षरांत छापणे डिसेंबर २०१४ पासून बंधनकारक आहे. त्यामुळे अंडे पटकन डोळ्यांत भरते. परंतु प्रेझ्यूर किंवा डुकराची चरबी त्या यादीत मोडत नाही, म्हणून ती ठळक नसते. संपूर्ण यादी वाचावीच लागते. पावाच्या बाबतीत मात्र थोडा दिलासा आहे. १९९३ च्या सरकारी आदेशानुसार 'पारंपरिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या फ्रेंच पावात पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण याखेरीज फारसे काही घालता येत नाही. आंबवलेले ज्यांना चालत नाही त्यांनी अर्थातच तोही टाळावा.

नीसहून रेल्वेने पूर्वेकडे तासाभराच्या आत मांतों हे गाव लागते. पाठीशी डोंगर, समोर समुद्र, त्यामुळे थंडीचा कडाका नाही. म्हणून तेथे लिंबू उत्तम होते. दर फेब्रुवारीत तेथे लिंबांचा उत्सव असतो. लोखंडी सांगाड्यांवर रबरी कड्यांनी एकेक फळ बसवून महाल, प्राणी, देवळे उभारतात. पाहताना डोळे निवतात, पण माझ्या मनाला एवढ्या फळांची आरास थोडी बोचलीच. नंतर समजले की त्यातील बहुतेक फळे स्पेनमधून आणलेली असतात. मांतोंचे खरे लिंबू थोडे पिकते आणि ते इतके मानाचे आहे की २०१५ साली त्याला युरोपीय भौगोलिक संरक्षण मिळाले. बाजारात ते पानासकट विकतात, ही त्याची ओळख.

तिथे उभी असताना मला अंबडच्या रस्त्यालगतच्या बागा आठवल्या. जालन्याच्या मोसंबीलाही भौगोलिक मानांकन आहे आणि २०२४ साली जालन्याच्या दगडी ज्वारीलाही ते लाभले. हा विचार जगाला देण्यात फ्रान्सचा वाटा मोठा. मूळस्थानाच्या नावाला कायद्याचे संरक्षण देणारी व्यवस्था त्यांनी १९३५ मध्ये उभी केली. आपला कायदा १९९९ चा, अंमल २००३ पासून. फ्रान्सच्या मध्यभागी ल प्वी गावाच्या ज्वालामुखीच्या मातीत होणाऱ्या हिरव्या मसुराला १९९६ साली असे मानांकन मिळाले. आपली काळी मातीही ज्वालामुखीच्याच खडकातून झालेली, आणि आपल्या बदनापूरच्या संशोधन केंद्राने तुरीचे वाण देशाला दिले. भूमी तोलामोलाची आहे, पण तिथे गृहिणी दुकानात जाऊन गावाचे नाव विचारून मसूर घेते, आपण 'मोसंबी कशी दिली' एवढेच विचारतो. २०१२-१३ च्या दुष्काळात शेतकऱ्यांनी टँकरचे पाणी घालून बागा जगविण्याची धडपड केली, तरी किती तरी झाडे उभी वाळली. त्या झाडाचे फळ हाती घेताना त्याच्या गावाचे नाव घेणे, एवढे ऋण तरी आपण मानावे.

परत आलो तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता. उशिरा पेरलेल्या हरभऱ्याचे हिरवे घाटे अजून मिळत होते. नवी ज्वारी आली होती. एका रविवारी, तिथी पाहून, मी ठरविले की माईंना नातीच्या गावचे जेवण आपल्या जिन्नसांनी करून वाढायचे. सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी ताटे मांडायची, म्हणून दुपारीच हाताशी लागले. ते चार पदार्थ येथे देत आहे. कंदमूळ कशातही नाही.

फ्रेंच आचारी चूल पेटविण्यापूर्वी सर्व जिन्नस निवडून, चिरून, मापून मांडून ठेवतात आणि या शिस्तीला त्यांनी एक भारदस्त नाव दिले आहे. आपल्याकडे तिला शोधणे म्हणतात, आणि तिच्यात नीटनेटकेपणासोबत जयणाही आहे. हिरव्या घाट्यांत अळी हमखास असते. एकेक घाटा उघडून, उजेडात धरून पाहावा. घाई असेल त्या दिवशी हा पदार्थ करूच नये.

पहिली पानिस. एक वाटी ताजे डाळीचे पीठ चाळून घ्यावे. सव्वादोन वाट्या गाळलेल्या पाण्यात ते गुठळी न होऊ देता कालवावे, मीठ आणि एक चमचा तेल घालून मंद आचेवर सतत ढवळीत पंधरा मिनिटे शिजवावे. मिश्रण पातेल्याच्या कडा सोडू लागले की तेल लावलेल्या ताटात अर्धा इंच जाडीचे थापावे. आपल्या पाटवडीत फोडणी आधी आणि पीठ नंतर, येथे फोडणीच नाही, हाच काय तो भेद. तेथे हे रात्रभर ठेवतात. आपण वासी खात नाही, त्यामुळे दोन तास गार होऊ द्यावे, तेवढे पुरते. बोटाएवढ्या वड्या कापून करडईच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलात कडा तांबूस होईतो तळाव्यात. वरून मिरपूड आणि लिंबू. सोबत कच्चे दही मात्र ठेवू नये, द्विदलाचा दोष येतो.

दुसरी ज्वारीची गालेत. उत्तर-पश्चिम फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतात कुट्टूच्या पिठाचे मोठे धिरडे करतात. मूळ पिठात फक्त कुट्टू, पाणी आणि मीठ. कुट्टूत गव्हासारखा चिकटपणा नसतो, ज्वारीतही नसतो, म्हणून ही अदलाबदल सुखेनैव जमते. दोन वाट्या दगडी ज्वारीचे बारीक पीठ कोमट पाण्यात घावनाइतके पातळ कालवून तासभर ठेवावे. कडकडीत तापलेल्या बिडाच्या तव्यावर वाटीने बाहेरून आत ओतावे, पसरवायला जाऊ नये, मोडते. ब्रिटनीत वर खारे लोणी घालतात, आपण साजूक तूप सोडावे. वाफवलेले सोलाणे जिरे-मिरपुडीसह मध्ये ठेवून चारी कडा आत दुमडाव्यात. चौकोनी पाकीट होते. मुले हसत खातात.

तिसरा तांबड्या भोपळ्याचा तियां. तियां हे प्रोव्हान्समधील मातीच्या पसरट भांड्याचे नाव. त्यात भाजलेल्या भाजीलाही तेच म्हणतात. वांगे आपल्याकडे बहुबीज म्हणून बहुतेक घरांत वर्ज्य, त्यामुळे तेथील उन्हाळी मिश्र भाजी जशीच्या तशी घेता येत नाही. पण हिवाळ्यात तेथेही भोपळ्याचा तियां होतो. अर्धा किलो भोपळ्याच्या पातळ चकत्या, तीन टोमॅटो, एक ढोबळी मिरची, हे एकाआड एक उभे रचावे. तेल, मीठ, हिंग आणि चमचाभर चुरडलेला ओवा घालावा. तेथे थाइम नावाची रानपाने घालतात. थाइमचा सुगंध ज्या द्रव्याचा, ते थायमॉल आपल्या ओव्यातही विपुल असते. म्हणून ओवा घालताच प्रोव्हान्स घरात येतो. वर ज्वारीच्या लाह्यांचा चुरा पसरून भट्टीत किंवा जाड बुडाच्या झाकलेल्या पातेल्यात मंद आचेवर चाळीस मिनिटे ठेवावे.

चौथा गोड पदार्थ मोसंबीचा. चार मोसंबी सुरीने पांढऱ्या सालीसकट सोलून आडव्या चकत्या कराव्यात, बिया काढाव्यात. पांढरा भाग वगळून वरच्या हिरव्या-पिवळ्या सालीच्या काड्या कराव्यात आणि तीन वेळा पाणी बदलून पाच-पाच मिनिटे उकळाव्यात, कडूपणा जातो. अर्धी वाटी पाणी, चार चमचे साखर, वेलदोडा यांचा पाक करून त्यात काड्या पारदर्शक होईतो शिजवाव्यात. कोमट पाक चकत्यांवर ओतून लगेच वाढावे. मोसंबीचा रस ठेवला की कडवट होतो, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. म्हणून हा पदार्थ त्याच घटकेचा.

ताटे मांडली. माईंना मी प्रथम पानिस वाढली आणि तिचे नाव सांगितले. त्यांनी एक वडी मोडून पाहिली. "ही पाटवडी आहे. फोडणी विसरलीस," म्हणाल्या. मग दोन घेतल्या, मग तिसरी. गालेत खाताना ज्वारी कुठली ते त्यांनी बरोबर ओळखले. मी त्यांना कूर सालेयाची हकिगत सांगितली, कढईविषयी कन्येने कसा प्रश्न विचारला तेही सांगितले. त्या ऐकत राहिल्या. पण मोसंबीची वाटी पुढे सरकविली तेव्हा त्यांनी हात आडवा धरला.

"मला नको. माझा नियम आहे."

कसला नियम, म्हणून विचारले तर आधी सांगेनात. यजमानांनी आग्रह केला तेव्हा बोलल्या. केकची गोष्ट ऐकली त्या रात्रीपासून त्यांनी गोडाचा त्याग केला होता. गोड म्हणजे गोड, त्यात फळही आले. पोर शिक्षण संपवून घरी येईपर्यंत. "तिच्या हातून अजाणता झालं. तिनं परक्या गावात अभ्यास करायचा, का हेच मनाला लावून घ्यायचं? तिचं थोडं मी माझ्याकडे घेतलं." पाच महिने आम्ही समजत होतो की वयोमानाने माईंची गोडाची इच्छा गेली आहे. दिवाळीचा लाडूही त्यांनी ताटातून काढून ठेवला होता, आणि आमच्यापैकी एकालाही विचारावेसे वाटले नव्हते.

मग नातीशी बोलत का नव्हत्या? त्यावर माई म्हणाल्या, "बोलले असते तर तोंडातून निघालं असतं. ती म्हणाली असती, आजी, सोड. मग काय करायचं?"

त्या संध्याकाळी कन्येला मी फोनवर सर्व सांगितले. सांगावे की नाही, यावर आम्हा दोघांत मतभेद झाला होता. माईंचा त्याग गुप्त राहावा ही त्यांची इच्छा होती. पण मुलगी पाच महिने आजीच्या रागाचे ओझे वाहत होती, आणि तो राग नव्हताच. मला सांगणे योग्य वाटले. ती बराच वेळ रडली, आणि नेमके तेच म्हणाली, "आजीला सोडायला सांग." माईंनी मानले नाही. "घेतलेला नियम मध्येच सोडायचा नसतो. तू तुझं नीट पाळ, मी माझं पाळते." मात्र त्या दिवसापासून फोन पुन्हा लांबू लागला. एका शेगडीवर पाटवडी कशी करायची, फोडणी आधी का द्यायची, खोबरे नसेल तर काय, हे धडे समुद्रापलीकडे जाऊ लागले. गेल्या पर्युषणानंतर कन्येने वर्गातल्या मैत्रिणींना पाटवडी खिलविली. त्यांपैकी नीसची एक मुलगी म्हणाली म्हणे, "ही तर आमची पानिस, तुम्ही फक्त हळद घातली."

ही हकिगत लिहिण्यास माईंची संमती मला यंदा मिळाली, म्हणून हा लेख एक वर्ष उशिराने तुमच्यापुढे येत आहे. मोसंबी पुन्हा बाजारात आली आहे आणि माईंची वाटी अजून रिकामीच असते. कन्येचे शिक्षण येत्या जूनच्या आरंभी पूर्ण होईल. त्या वेळी मोसंबीचा हंगाम संपलेला असेल, याची मला रुखरुख होती. माईंना नव्हती. परवा त्यांनी पंचांग मागवून घेतले, चष्मा लावून जूनचे पान काढले आणि नातीला फोनवर सांगितले, "आर्द्रा लागायच्या आत ये. एकदा आर्द्रा लागली की आंबा बंद. दोन वर्षांचा आंबा राहिलाय माझा."

तिकीट विसाव्या तारखेचे मिळत होते. तिने बदलून दहा तारखेचे घेतले आहे.